रकमेसकट प्रार्थना

मार्च 2018 मध्ये आमची कंपनी बंद पडली. नगरच्या एमआयडीसीत लहान कंपन्या बंद पडताना गाजावाजा होत नाही. आधी ओव्हरटाइम थांबतो, मग दुपारचा चहा थांबतो, सात तारखेचा पगार वीस तारखेवर जातो आणि एका सोमवारी गेटला कागद चिकटवलेला दिसतो. मी तिथे 19 वर्षं स्टोअरकीपर होतो. कुठली बेअरिंग कुठल्या रॅकवर, किती नग, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दुसऱ्याच्या मालाचा इतका चोख हिशोब ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचा हिशोब मात्र आठ महिने उघडून पाहिला नाही. आणि त्या न पाहण्याला मी विश्वास म्हणत होतो.

आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मी मंडळीच्या पंचांपैकी एक, बुधवारची घरसभा चालवणारा. चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, हे वाक्य मी स्वतः निदान दोनदा प्रार्थनासभेत वापरलं आहे आणि दोन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्या आहेत. डोंगरावरच्या प्रवचनातली पाखरं आणि रानफुलं तर तोंडपाठ. त्यामुळे काम गेल्याचं कळल्यावर लोक म्हणाले, "तुमचं काय, तुमचा विश्वास भक्कम आहे." मग मीही तसाच चेहरा करून फिरू लागलो.

मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज आधीच डोक्यावर. पीएफ म्हणाल तर घर बांधताना आणि आईच्या आजारपणात काढून काढून बराचसा संपलेला. मग पतसंस्थेचा हप्ता भरायला मेहुण्याकडून पैसे घेतले, मेहुण्याला तोंड दाखवता यावं म्हणून सोनेतारण केलं. सोनं बायकोचं, तिच्या आईने दिलेल्या पाटल्या. त्या कपाटातच आहेत असं ती समजत होती. ती बालवाडीत शिकवते. तिच्या पगारात दूध, भाजी, वीजबिल निघायचं. बाकीचं विचारलं की मी म्हणायचो, "मी बघतो."

बघत काहीच नव्हतो. रात्री तीन वाजता जाग यायची ती यायचीच. उठून गुडघे टेकायचो. माझी त्या दिवसांतली प्रार्थना मला चांगली आठवते, कारण ती रोज एकच होती: प्रभू, तू सगळं जाणतोस. वाक्य खोटं नव्हतं. पण मी ते कशासाठी वापरत होतो? तू सगळं जाणतोस, म्हणजे मला काही सांगायला लावू नकोस. तोंडाने प्रार्थना चालायची आणि मनात तेच दळण: हप्ता, मेहुणा, पाटल्या, पुन्हा हप्ता. तासाभराने उठायचो तेव्हा गुडघे दुखायचे आणि भीती होती त्याहून मोठी झालेली असायची. ती प्रार्थना नव्हती, हात जोडून केलेली काळजी होती. हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो. प्रार्थनेनंतर माणसाला निदान एखादं पुढचं काम दिसतं. काळजीनंतर फक्त पुढची काळजी दिसते.

ऑगस्टमध्ये एका रात्री छाती आवळून आली. घाम, हातापायांना मुंग्या, श्वास पुरेना. रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा पॅनिक अटॅक. दहा-पंधरा मिनिटांत शिगेला जातो आणि ओसरतो. त्याने माणूस मरत नाही, पण आपण मरतोय अशी त्याची खात्री होते. खरं सांगू? मला वाईट वाटलं. हृदयाचं काही निघालं असतं तर मंडळीत सांगता आलं असतं. लोक फळं घेऊन भेटायला आले असते. घबराटीचं काय सांगणार? तेही पंचाने?

त्यांनी मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं. महिनाभर मी गेलो नाही. पण झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले तेव्हा बायकोने जवळजवळ ओढत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी बजावल्या: गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, आणि गोळी मनाने बंद करायची नाही, बंद करायची वेळ आली की टप्प्याटप्प्याने कमी करू. ऑक्टोबरअखेर मला सलग पाच तास झोप लागू लागली. इथे गोष्ट संपायला हवी होती.

तेवढ्यात एक उपवास-प्रार्थनेची सभा आली. बाहेरगावचे वक्ते होते. विश्वासणाऱ्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट असेल तर त्याच्या हृदयात वचनाला जागा उरत नाही, असं ते गरजून बोलले. माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. त्या माणसाला मी आज दोष देत नाही. त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं. पण घरी येताना सीनेच्या पुलावर मी सायकल थांबवली आणि गोळ्या खाली टाकल्या. सीनेच्या पात्रात तेव्हा पाण्यापेक्षा झुडपंच जास्त. चांदीचं पाकीट झुडपात अडकून दिव्याच्या उजेडात चमकत राहिलेलं मला अजून दिसतं.

याहून मोठी चूक मी दोन दिवसांनी केली. रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष दिली. प्रभूने मला चिंतेतून सोडवलं, गोळ्या फेकून दिल्या, असं सगळ्यांसमोर सांगितलं. हालेलूया झालं. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. भोवळ, चिडचिड, आणि झोप तर पार उडालेली. गोळी एकदम तोडली की असं होऊ शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी विसरलो होतो. बरं, आता परत दवाखान्यात जावं, तर साक्ष देऊन बसलेलो! लोक रस्त्यात भेटून म्हणायचे, तुमच्या साक्षीने फार धीर आला. मी म्हणायचो, प्रभूची स्तुती असो. त्या पंधरवड्यात मरणाचे विचारही मनात येऊन गेले, हे लपवत नाही. माझ्यासारख्या 'भक्कम' माणसाच्या मनात असे विचार येत असतील हे शेजारच्या बाकावर बसणाऱ्यालाही कळलं नाही. म्हणून सांगतो: ज्याच्या मनात आज तसं येत असेल त्याने उपासनेच्या दिवसाची वाट पाहू नये. घरातल्या एका माणसाला उठवावं, किंवा 14416 या क्रमांकावर फोन लावावा. ती टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, 2022 पासून सुरू झालेली, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. माझ्या वेळी ती नव्हती.

माझ्या वेळी मावशी होत्या. नात्याच्या नव्हेत, अख्ख्या मंडळीच्याच मावशी. मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, निवृत्त होऊनही वीस वर्षं झालेली. बायकोने मला न सांगता त्यांना बोलावलं. मला वाटलं आता वचनं वाचतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी आधी नाडी पाहिली, मग विचारलं, "जेवलास का?" मग म्हणाल्या, "गोळ्या कुठंयत?"

मी खाली मान घालून पुलाची हकिकत सांगितली.

"येडा का खुळा तू! उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टरकडं जायचं. मी संगट येते." आणि मग, चहाचा कप खाली ठेवून, "आता सांग. किती?"

"काय किती?"

"कर्ज रे. किती हाय?"

"खूप आहे मावशी."

"खूप ही काय रक्कम झाली? प्रभूला काय सांगतोस, खूप दे म्हणून?"

मुलीच्या वहीचं एक पान फाडून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. बायको समोर बसलेली. हात कापत होता. पतसंस्था, 1,80,000. सोनेतारण, 65,000. हा आकडा लिहिताना मी वर पाहिलं नाही. मेहुणा, 40,000. किराणा दुकान, 7,400. इथे बायको पहिल्यांदा बोलली: "किराणा 8,150 आहे." एवढंच म्हणून ती उठून आत गेली. पाटल्यांबद्दल त्या दिवशी एक शब्द नाही. पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि तिचा राग रास्त होता. विश्वासाच्या गोष्टींत बायका लगेच क्षमा करताना दाखवतात. आमच्याकडे तसं झालं नाही.

बेरीज आली 2,93,150. मी पानाकडे बघतच राहिलो. रात्री तीन वाजता माझ्या डोक्यात जे कर्ज असायचं ते आठ-दहा लाखांचं होतं. म्हणजे आठ महिने मी जे कर्ज डोक्यावर घेऊन झोपत होतो त्यातलं निम्म्याहून जास्त कर्ज नव्हतंच. तीन लाखही आमच्यासारख्यांना थोडके नाहीत, पण त्यांना कडा असते, शेवट असतो. मावशींनी ते पान उशाच्या बायबलमध्ये ठेवलं आणि प्रार्थना केली. त्यांच्या प्रार्थनेत चारही आकडे होते, पतसंस्थेच्या हप्त्याची तारीख होती, मेहुण्याचं नाव होतं आणि गोळ्यांचंही नाव होतं. अशी प्रार्थना मी जन्मात ऐकली नव्हती. मला थोडी लाजच वाटली, देवासमोर किराण्याची उधारी काढायची म्हणजे!

नंतर कळलं की त्यांना हे वळण कुठून लागलं. त्यांच्या आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. केडगाव म्हणजे आमच्या नगरला खेटून आहे ते नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. दहा वर्षांनी काय, हा प्रश्न रमाबाईंनाही होताच. त्यांनी प्रार्थना केली, आणि केडगावात जमीनही घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. पुढे दुष्काळ आले आणि 1900च्या दुष्काळानंतर मुक्तीतली जेवणाची पानं दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंच्या वाचनात इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र आलं होतं. 1836 मध्ये भाड्याच्या घरात अनाथ मुलींना घेऊन सुरुवात करणारा हा माणूस. त्याने माणसांकडे कधी पैसे मागितले नाहीत, देवाकडे मागितले. अशी चरित्रं आम्ही मंडळीत फार रंगवून सांगतो, पण त्यातली एक गोष्ट गाळतो. म्युलर पैन् पैचा हिशोब ठेवायचा आणि दरवर्षी छापून जाहीर करायचा. देवावर विसंबणाऱ्याला जमाखर्चाची वही लागत नाही ही समजूत निदान त्याची नव्हती. आपल्याकडचं म्हणाल तर रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, ते प्रभूच्या भरवशावर मोकळे; आणि संसाराचा मेळ घालायला लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो. मला आता वाटतं, त्या घरात विश्वास दोघांकडे होता, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तो आकड्यांसकट आलेला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत; त्यांनी मी पहिला नाही असं सांगितलं, याने मात्र मला धक्का बसला. कितीजणांची पाकिटं नद्यांमध्ये पडली असतील?

डोकं थोडं ताळ्यावर आल्यावर मी पवित्र शास्त्र पुन्हा उघडलं, आणि या वेळी उपदेश करायला नाही. चिंतेबद्दल आपण नेहमी फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय काढतो, सहावं-सातवं वचन. मी पुढे वाचत गेलो. तोच अध्याय संपता संपता पौल काय लिहितो? फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत मिळाली, भरपूर मिळाली, असं. म्हणजे जवळजवळ पोचपावतीच. तुरुंगातून लिहिलेलं पत्र, वर चिंता सोडायला सांगितलेली, आणि खाली मिळालेल्या पैशांची पोच. देवाने पुरवलं, पण एका माणसाने स्वतः आणून दिलं, आणि त्या सेवेत तो जिवावरच्या दुखण्यातून गेला. आणि हाच पौल करिंथकरांना लिहिताना कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची काळजी आपल्याला रोज दाबून टाकते. त्यालाही रात्री झोप लागत नव्हती. मग मी कोण लागून गेलो?

एलीयाचंही तसंच. करीथ ओहोळाशी कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देत, हे रविवार शाळेतलं पोर सांगेल. पुढचं वाक्य आपण वाचत नाही: पाऊस नव्हता म्हणून काही दिवसांनी तो ओहोळ आटला. देवाने दाखवलेला ओहोळ आटला! आणि मग त्याला एका गरीब विधवेच्या दारात जाऊन पाणी आणि भाकर मागावी लागली. माझी कंपनी हा माझा ओहोळ होता. तो आटला म्हणजे देवाने पाठ फिरवली असं मी धरून बसलो आणि कुणाच्या दारात जाऊन मागायला तयार नव्हतो. दोन अध्यायांनंतर हाच एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला देवदूत काय देतो? प्रवचन नाही. झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं मडकं देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. मावशींनी आधी 'जेवलास का' विचारलं ते उगीच नाही.

आता कपाटावरच्या एका प्लॅस्टिकच्या फाइलबद्दल. कंपनी बंद झाली तेव्हा युनियनच्या माणसाने ग्रॅच्युइटीचे फॉर्म वाटले होते. मी ते फाइलमध्ये घातले आणि फाइल कपाटावर टाकली. ती उघडायची म्हटली की पोटात गोळा यायचा, कारण ती उघडणं म्हणजे कंपनी खरंच संपली हे मान्य करणं. आठ महिने मी प्रभूला दार उघड म्हणून विनवत होतो आणि फाइल उघडत नव्हतो. मावशींच्या त्या पानानंतर ती उघडली. हिशोब सोपा असतो: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. माझे 14,000, वर्षं 19. उत्तर 1,53,461. कर्जाच्या निम्म्याहून जास्त रक्कम आमच्या कपाटावर धूळ खात होती. पाच वर्षं नोकरी झालेल्याचा तो हक्क आहे, कंपनी बंद पडली तरी. मालकाने दाद दिली नाही तर त्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आम्ही सात जणांनी मिळून केला. फेऱ्या झाल्या, फेब्रुवारी 2019 मध्ये पैसे आले. हा चमत्कार का? मंडळीत एकाने विचारलं. मी म्हणालो, चमत्कार झाला तो मी फाइल उघडली त्या दिवशी.

पैसे आल्यावर कुठे आधी भरायचे हे बायकोने ठरवलं. आधी किराणा आणि मेहुणा, कारण दोन्हीकडे तोंड दाखवायचं असतं, उरलेले पतसंस्थेत. पाटल्या शेवटी. हा क्रमही तिचाच.

तोवर मी हार्डवेअरच्या दुकानात लागलो होतो, 9,000 वर. मावशींनी एक वही करायला लावली. डाव्या पानावर या आठवड्यात, रविवार ते शनिवार, जे जे देणं आहे तेवढंच, रकमेसकट. पुढच्या महिन्याचं लिहायला बंदी. उजव्या पानावर ते कसं भागलं ते. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळायचा तो ज्या त्या दिवसापुरता. कुणी उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडायचे. ही कथा मी शंभरदा सांगितली असेल. पण माझ्या तीन वाजताच्या जागरणात मी नेमकं तेच करत होतो, पुढच्या तीन वर्षांचा मान्ना आजच गोळा करायला धडपडत होतो, आणि किडे माझ्या डोक्यात पडत होते. तरी हेही लक्षात घ्या की शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं. तरतूद करणं वेगळं आणि साठवलेल्यावर झोपणं वेगळं.

वहीची उजवी पानं आज वाचली तर गंमत वाटते. 'दुकानाच्या शेठने उचल दिली.' 'मुलीने बस सोडून पायी जाऊन वाचवले.' 'पाळकसाहेबांनी गरीब निधीतून, मी मागितल्यावर.' हे 'मी मागितल्यावर' मी मुद्दाम लिहून ठेवलं आहे. एक नोंद सुगीच्या सणाची आहे. आमच्या मंडळीत त्या दिवशी लोक धान्य, भोपळे, कोंबड्या अर्पण म्हणून आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. कुणीतरी चढ्या बोलीने घेतलेलं बाजरीचं पोतं संध्याकाळी आमच्या ओट्यावर होतं. कुणी ठेवलं ते माहीत आहे, पण त्याने सांगितलं नाही म्हणून मीही विचारलं नाही. पहिला दिवस मी ते आत घेतलं नाही, लाज वाटून. दुसऱ्या दिवशी बायकोने घेतलं. थंडीभर भाकरी त्याच बाजरीच्या.

आणि एक उजवं पान कोरं आहे. जानेवारी 2019, मुलीची परीक्षा फी 4,200. प्रार्थना केली, मागितलंही, पण मुदतीत जमली नाही. वर्गात फी न भरलेल्यांची नावं वाचून दाखवली त्यात तिचं नाव होतं. नऊ दिवसांनी दंडासकट भरली. त्या पानावर मी नंतरही काही लिहिलं नाही. मंडळीत कुणी म्हणालं, यातही देवाची योजना असेल. असेल. पण त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही, ते मी पाहिलंय.

तुम्ही या वाटेने चालत असाल तर माझ्याकडून एवढं घ्या. कर्ज असो, दुखणं असो, पोराच्या लग्नाची काळजी असो, ती आधी कागदावर उतरवा आणि तो कागद एका तरी माणसाला दाखवा. नवरा-बायकोत लपवू नका, मी लपवून काय कमावलं ते वाचलंतच. गोळ्या चालू असतील तर त्या जेवणाआधी करतो त्या उपकारस्तुतीसह घ्या. डॉक्टर बंद करत नाहीत तोवर कुठल्याही सभेत, कुठल्याही वक्त्याच्या शब्दावर बंद करू नका. साक्ष द्यायची घाई करू नका. मी आता म्हणतो, वर्षभर थांबा. बरं वाटलेलं टिकलं तर साक्ष आणखी चांगली होईल, आणि नाही टिकलं तर परत दवाखान्यात जायचा रस्ता तरी मोकळा राहील. प्रार्थना करवतच नसेल तर न करता बसा, दुसऱ्याला करू द्या. छप्पर उस्कटून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट आठवा. तो बिचारा तर पडून होता, येशूने पाहिला तो त्या चौघांचा विश्वास.

मंडळीतल्या पंचांना वेगळं सांगायचं आहे, कारण मीही तिथे बसलोय. कुणी उठून 'जरा आर्थिक अडचण आहे, प्रार्थना करा' म्हणालं की आपण डोळे मिटतो आणि तो विषय प्रभूकडे सोपवून घरी जातो. गरीब निधीतून मागायला माणसाला तीन जणांच्या सह्या आणि पाच जणांच्या नजरा लागत असतील तर तो निधी पेटीतच राहणार. आमच्याकडे आता खजिनदार आणि पाळकसाहेब दोघांच्या शब्दावर पैसे देतात, नाव कुणाला सांगत नाहीत. हा ठराव मांडला तेव्हा दोन जण विरोधात होते. त्यातला एक, लोक सोकावतील म्हणून. त्याच्याकडे बघून मला स्वतःचा जुना चेहरा आठवला.

झटके पूर्ण गेलेत असं मी म्हणणार नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. 2020 च्या टाळेबंदीत दुकान बंद झालं तेव्हा पुन्हा चार महिने घ्यावी लागली. या वेळी मी मंडळीत कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणापासून लपवलंही नाही. तीन वाजता जाग आली तर वही काढतो, या आठवड्याचं डावं पान वाचतो, तेवढंच प्रभूला सांगतो आणि पडतो. कधी झोप लागते, कधी नाही.

मावशी 2021 मध्ये गेल्या. त्याच वर्षी, मुलगी नोकरीला लागल्यावर, नाताळाच्या आधी पाटल्या सोडवून आणल्या. सोनेतारणवाल्याच्या काउंटरवरच बायकोने त्या काट्यावर ठेवून वजन पाहिलं, पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहिलं, मग रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या. घरी आल्यावर कपाटात ठेवल्या. त्या कपाटाची किल्ली नोव्हेंबर 2018 पासून तिच्याकडे आहे. मी अजून मागितलेली नाही.